मदत हवी आहे: बॅनर जाहिरातीची दोन कोटेशनं, सीपीएम-आरओएस-सीटीआर यांचा हिशेब कसा लावायचा?

सांगलीची सूनबाई

नमस्कार मंडळी,

आमची गणपती पेठेत हळद आणि बेदाण्याची जुनी पेढी आहे. घाऊक व्यवहार सासरे बघतात. मी घरपोच विक्रीसाठी वेबसाइट सुरू केली आहे. राजापुरी हळकुंडं दळून अर्ध्या किलोची पाकिटं आणि तासगावचा बेदाणा असा माल जातो. ऑर्डरी येतात, पण बहुतेक पुण्या-मुंबईच्या ओळखीच्यांच्या, नाहीतर त्यांच्या ओळखीच्यांच्या. दिवाळीच्या आधी या गोतावळ्याबाहेर जायचं म्हणून बॅनर जाहिरात करायचं ठरवलंय. महिन्याला १२,००० रुपयांपर्यंत तयारी आहे, वर १८ टक्के जीएसटी.

दोन कोटेशनं आली आहेत, जशीच्या तशी देते.

जिल्ह्यातल्या एका बातम्यांच्या पोर्टलचं: ७२८ × ९० हेडर बॅनर, आरओएस, ३० दिवस, अंदाजे ३ लाख इम्प्रेशन, फिक्स्ड १२,०००.

पुण्याच्या एका एजन्सीचं: ३०० × २५०, सीपीएम ६० रुपये, २ लाख इम्प्रेशन, जिओ टार्गेटिंग पुणे-मुंबई, फ्रीक्वेन्सी कॅप ३, अपेक्षित सीटीआर ०.१ ते ०.३ टक्के, रिपोर्ट व्ह्यू-थ्रू कन्व्हर्जनसह.

सासऱ्यांना दाखवलं. ते म्हणाले, "पेपरात कॉलम सेंटीमीटरचा दर असतो, खप माहीत असतो, कुठल्या पानावर येणार ते आधी ठरतं. इथं आपण नक्की काय विकत घेतोय तेवढं सांग, चेक लगेच देतो." त्यांचं म्हणणं रास्त आहे आणि मला उत्तर देता आलं नाही. एकेका शब्दाचा अर्थ नेटवर सापडतो, पण ते सगळे अर्थ जोडून यातलं स्वस्त कुठलं, हे काही ठरत नाही. त्यात एजन्सीचा मुलगा फोनवर "दोन लाखांचा रीच" म्हणाला आणि कोटेशनमध्ये मात्र २ लाख इम्प्रेशन लिहिलंय. दोन्ही एकच का? या धंद्यात काम करणारं कुणी इथं असेल तर नीट समजावून सांगा, ही विनंती.

---

विट्याचा

ताई, मी मूळचा विट्याचा, पुण्यात जाहिरातींची जागा खरेदी करण्याचंच काम करतो. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

रीच आणि इम्प्रेशन एक नाहीत. बॅनर एकदा दाखवला गेला की एक इम्प्रेशन झालं. एकाच बाईंना तो दहा वेळा दिसला तर इम्प्रेशन दहा आणि रीच एक. म्हणून २ लाख इम्प्रेशनमधून २ लाख लोकांचा रीच तेव्हाच होईल, जेव्हा प्रत्येकाला बॅनर एकेकदाच दिसेल. तसं कधी होत नाही. एका माणसाला सरासरी किती वेळा दिसला ती फ्रीक्वेन्सी, आणि त्यावर घातलेली मर्यादा म्हणजे फ्रीक्वेन्सी कॅप. तुमच्या कोटेशनमध्ये "कॅप ३" आहे, पण दिवसाला तीन, आठवड्याला तीन की महिन्याला तीन, ते लिहिलेलंच नाही. यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. महिन्याला तीन असेल तर २ लाखांत किमान साडेसहासष्ट हजार जणांपर्यंत जाल. दिवसाला तीन असेल तर तोच माणूस महिन्यात ९० वेळा तुमची हळद पाहू शकतो. हे लेखी मागा. शिवाय यंत्रणा मोजते ती फोन आणि ब्राउझर, माणसं नव्हेत. एका घरातला फोन आणि लॅपटॉप दोन जण धरले जातात.

आता दर. सीपीएम म्हणजे हजार इम्प्रेशनचा दर. शेवटचा एम रोमन आकड्यातला हजाराचा आहे, दहा लाखांचा नाही. नवीन लोक इथंच गडबडतात. ६० रुपये हजारी, दोनशे हजार, झाले १२,०००. पोर्टलने ठोक रक्कम सांगितली आहे, तिलाही हजारीवर आणा: १२,००० भागिले ३०० म्हणजे ४० रुपये. याला इफेक्टिव्ह सीपीएम म्हणतात. कागदावर पोर्टल स्वस्त दिसतंय.

पण हा ४० चा आकडा अजून धरून चालू नका. "अंदाजे ३ लाख" हे नक्की कशाचे, ते त्यांना विचारा.

---

बातमीवाला

मी स्वतः कराडकडे बातम्यांचं छोटं पोर्टल चालवतो, म्हणून विकणाऱ्याच्या बाजूने लिहितो. विट्याच्या दादांचा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे.

आमच्यासारख्या छोट्या पोर्टलांचे विक्रीवाले अनेकदा महिन्याचे पेज व्ह्यू सांगतात आणि कोटेशनमध्ये त्यांचंच नाव "इम्प्रेशन" होतं. फसवण्याचा हेतू असतोच असं नाही, त्यांनाही फरक माहीत नसतो. पान उघडलं तो पेज व्ह्यू. त्या पानावर तुमचा बॅनर आला तरच तुमचं इम्प्रेशन. हेडरची एकच जागा चार जाहिरातदारांना विकली असेल तर बॅनर आळीपाळीने फिरतात आणि तुमच्या वाट्याला पाव हिस्सा येतो. या हिश्शाला शेअर ऑफ व्हॉइस म्हणतात. कोटेशनमध्ये तो शब्दही नाही, आकडाही नाही.

आरओएस म्हणजे रन ऑफ साइट. साइटवर जिथं जागा असेल तिथं बॅनर लागणार: क्रीडा, राशिभविष्य, गुन्हेवार्ता, काहीही. ठरावीक विभाग मागितला तर दर वाढतो. तुमच्या मालाला पाककृती किंवा महिलांचा विभाग असेल तर थोडे जास्त पैसे देऊन तोच घ्यावा, असं माझं मत.

आणखी एक. ७२८ × ९० ला लीडरबोर्ड म्हणतात आणि तो कॉम्प्युटरच्या पडद्यासाठी आहे. फोनवर तो मावत नाही, तिथं बहुधा ३२० × ५० ची पट्टी जाते. आमच्याकडे तरी वाचक जवळजवळ सगळा फोनवरचा आहे. म्हणून डिव्हाइसनुसार आकडे मागा.

ठोक दराच्या बाजूनेही एक सांगतो, कारण तो सरसकट वाईट नाही. पावसाळ्यात कृष्णा चढली की आयर्विन पुलाची पाणीपातळी बघायला अख्खी सांगली दर तासाला पोर्टल उघडते. तेव्हा ठोक दर भरलेल्याला कितीतरी जास्त इम्प्रेशन त्याच पैशात मिळतात. अर्थात त्या दिवसांत हळद घ्यायच्या मनःस्थितीत कुणी नसतं, हेही खरं.

---

सांगलीची सूनबाई

दोघांचे मनापासून आभार. आज पोर्टलच्या ऑफिसात जाऊनच आले. ३ लाख हे पेज व्ह्यूच निघाले. हेडरमध्ये चार जाहिराती फिरतात. म्हणजे माझ्या वाट्याला ७५ हजार, आणि १२,००० भागिले ७५ म्हणजे हजारी १६० रुपये! ४० चे थेट १६० झाले. हा हिशेब मी त्यांच्यासमोरच कागदावर मांडला. त्यांनी वाद घातला नाही, दर कमी करून देतो म्हणाले.

फोनवर माझा बॅनर कसा दिसेल ते त्यांच्याकडून बसवून घेतलं. लीडरबोर्डवर डावीकडे हळकुंडांचा फोटो, मध्ये "सांगलीची अस्सल राजापुरी हळद, थेट पेढीवरून तुमच्या घरी", उजवीकडे पाकीट आणि सवलत, असं सगळं होतं. तेच दाबून ३२० × ५० मध्ये घातल्यावर "राजापुरी"ची वेलांटी वरच्या कडेला कापली गेली, "अस्सल"मधला जोडाक्षराचा भाग नुसता काळा ठिपका झाला आणि पाकिटावरचं आमचं नाव कुणालाच वाचता आलं नाही. डिझाइन कसं करून घेऊ? सासऱ्यांची इच्छा आहे की हरिपूरच्या जुन्या पेवांचा, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांचा, फोटो जाहिरातीत असावा. त्यांच्या वडिलांनी पेवात हळद साठवलेली आहे, त्यामुळे त्यांचा जीव त्यात आहे.

---

मिरज जंक्शन

ताई, डिझाइनचं मी सांगतो, रोज हेच करतो.

एक मोठा बॅनर करून तोच लहान करायचा, ही पद्धत सोडा. प्रत्येक मापाला वेगळी जाहिरात लागते, तिला क्रिएटिव्ह म्हणतात. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे ५० पिक्सेल उंचीत एकच ओळ नीट बसते. तिथं "राजापुरी हळद, थेट सांगलीहून" एवढंच ठेवा, जाड अक्षरात, आणि उजवीकडे बटण. फोटो नको. ३०० × २५० मध्ये मात्र पाकीट, एक ओळ, किंमत आणि बटण असं चौघांना व्यवस्थित पुरतं. फोन आणि कॉम्प्युटर दोन्हींकडे चालणारं माप तेच आहे, म्हणून एकाच मापावर खर्च करायचा तर त्यावर करा.

फाइल हलकी ठेवा. गूगलच्या जाहिरातींत स्वतः बनवलेली चित्रं १५० केबीच्या आत लागतात, आणि हलणारं जिफ असेल तर ते ३० सेकंदांत थांबलं पाहिजे. पोर्टलचेही असेच काही नियम असतील, ते आधी विचारून घ्या.

पेवांचा फोटो बॅनरवर खरंच नका घालू. एवढ्याशा जागेत जमिनीतलं तोंड म्हणजे नुसता काळा डाग दिसेल. पण तो फोटो वाया घालवू नका. बॅनरवर क्लिक केल्यावर माणूस ज्या पानावर उतरतो त्याला लँडिंग पेज म्हणतात. पेवांचा फोटो आणि आजोबांची दोन ओळींची हकिगत तिथं घाला. सांगलीच्या हळदीला असं सांगण्यासारखं आहे आणि ते दुसऱ्या कुणाच्या पाकिटामागे नाही. फक्त क्लिक केलेल्याला वेबसाइटच्या मुखपृष्ठावर नेऊन सोडू नका. ज्या पाकिटाची जाहिरात, तेच पाकीट पहिल्या पडद्यावर दिसलं पाहिजे.

जाता जाता: सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, बेदाण्याला त्याआधीच. पण जीआयचं चिन्ह जाहिरातीत वापरायचं तर तुमची पेढी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेली हवी. नोंद असेल तर चिन्ह जरूर घाला, नसेल तर आधी अर्ज करा.

---

कृष्णाकाठ

सगळे माप आणि दर सांगतायत, मी व्यापारी म्हणून एकच विचारतो. ताई, एका ऑर्डरमागे कुरिअर, पाकीट, पेमेंटचं कमिशन सगळं जाऊन हातात किती राहतं?

---

सांगलीची सूनबाई

सरासरी ऑर्डर ९०० ची. सगळं जाऊन २०० राहतात.

---

कृष्णाकाठ

मग हा हिशेब करा, आणि निराश होऊ नका.

सीटीआर म्हणजे शंभर इम्प्रेशनमागे किती क्लिक. एजन्सीच्या ०.१ टक्क्याने २ लाखांवर २०० क्लिक, म्हणजे एक क्लिक ६० रुपयांना. ०.३ टक्के धरला तर ६०० क्लिक, २० रुपयांना एक. शंभरातल्या दोघांनी ऑर्डर दिली असं समजू. त्याला कन्व्हर्जन रेट म्हणतात. २०० क्लिकवर ४ ऑर्डरी, ६०० वर १२. हातात ८०० ते २,४०० रुपये, आणि खर्च १२,०००. एका ऑर्डरमागचा जाहिरातखर्च, ज्याला सीपीए म्हणतात, तो १,००० ते ३,००० पडतो. तुम्हाला परवडतो २००. बारा हजार नुसते वसूल व्हायचे तर ६० ऑर्डरी लागतील.

एवढा कमी सीटीआर म्हणजे एजन्सी वाईट, असं मात्र नाही. बॅनरला आता एवढंच क्लिक मिळतं. २७ ऑक्टोबर १९९४ ला हॉटवायर्ड या वेब मासिकाच्या साइटवर पहिले बॅनर लागले, त्यातल्या एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या ४६८ × ६० च्या पट्टीवर ४४ टक्के लोकांनी क्लिक केल्याचं सांगतात. तेव्हा ती नवलाई होती. आज वाचकाची नजर जाहिरातीची जागा ओळखून आपोआप बाजूने निघून जाते.

सीपीसी, म्हणजे क्लिकमागे पैसे, हाही मार्ग आहे. तिथं नुसतं दिसण्याचे पैसे लागत नाहीत. पण दोन टक्के कन्व्हर्जन धरलं तर तुम्हाला क्लिक चार रुपयांच्या आत मिळाला पाहिजे. हा चारचा आकडा लिहून ठेवा आणि समोरचा कितीही गोड बोलला तरी त्याच्याशी ताडून बघा.

---

विट्याचा

कृष्णाकाठ यांचं गणित बरोबर आहे. फक्त एका जागी माझं मत वेगळं आहे. पहिल्याच ऑर्डरीवर जाहिरात वसूल व्हायला हवी, असं किराणा मालात धरू नये. हळद संपते. आवडली तर तेच घर वर्षभर घेत राहतं आणि त्या ऑर्डरींना जाहिरातखर्च नाही. तेव्हा ताई, जुन्या गिऱ्हाइकांपैकी किती जण परत येतात ते तुमच्या वहीतून काढा. निम्मे येत असतील तर परवडणारा सीपीए २०० च्या वर नेता येईल. तीन हजार मात्र कुठल्याही वहीत बसणार नाही, ते मान्य.

म्हणून पूर्ण रक्कम अनोळखी लोकांवर घालू नका. तुमच्या साइटवर येऊन, पाकीट बघून, न घेता गेलेले लोक आहेत. त्यांनाच पुन्हा बॅनर दाखवायचा, याला रीमार्केटिंग म्हणतात. संख्या लहान असते, पण कन्व्हर्जन तुलनेनं चांगलं येतं. एक अडचण अशी की हे लोक कुकीजवरून, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणांवरून, ओळखतात, आणि सफारी व फायरफॉक्स तिऱ्हाईत साइटच्या कुकीज मुळातच अडवतात, त्यामुळे सगळे सापडणार नाहीत.

एजन्सीला आणखी तीन गोष्टी विचारा. पहिली, व्ह्यूएबिलिटी. पानाच्या तळाशी लागलेला बॅनर वाचक तिथवर गेलाच नाही तरी काही ठिकाणी मोजला जातो. उद्योगाचा प्रचलित निकष असा, की बॅनरचे निम्मे पिक्सेल सलग एक सेकंद पडद्यावर असले तरच तो दिसला. तुमचे २ लाख या निकषावरचे आहेत का? दुसरी, व्ह्यू-थ्रू कन्व्हर्जन. बॅनर नुसता समोरून गेला, क्लिक केलं नाही, आणि पुढे काही दिवसांत त्या माणसाने तुमच्याकडून घेतलं, तर ती ऑर्डर जाहिरातीच्या खात्यावर मांडतात. तुमची बरीच ऑर्डर ओळखीतून येते, तीही या आकड्यात शिरेल. क्लिकवरच्या आणि नुसत्या दिसण्यावरच्या ऑर्डरी वेगवेगळ्या रकान्यांत मागा. तिसरी, जागांची यादी. बॅनर कुठल्या साइटवर आणि ॲपवर लागले ते रिपोर्टमध्ये मिळतं. सीटीआर अचानक चार-पाच टक्के दिसला तर खूश होण्याआधी ती यादी उघडा. लहान मुलांच्या खेळांच्या ॲपमध्ये चुकून लागलेल्या बोटांचे क्लिक तिथं सापडतात.

जिओ टार्गेटिंग, म्हणजे बॅनर कुठल्या भागातल्या लोकांना दाखवायचा, तेही बघा. गूगल ॲड्समध्ये मूळ सेटिंग असं असतं, की पुण्यात असलेले किंवा पुण्यात रस दाखवलेले, दोन्ही लोक धरले जातात. तुम्हाला तिथं प्रत्यक्ष राहणारेच हवेत. तो पर्याय बदलून घ्या.

---

बातमीवाला

ताई, पोर्टल अगदी सोडून देऊ नका, एक वेगळी मागणी करून बघा. सांगलीत बसून वाचणारा माणूस तुमची हळद कुरिअरने कशाला मागवेल? तो पेठेत येईल. पण जिल्ह्याचं पोर्टल पुण्या-मुंबईत राहणारे सांगलीकरही रोज वाचतात, गावाकडची खबर म्हणून. ते तुमचं नेमकं गिऱ्हाईक. पोर्टलवाले गूगल ॲड मॅनेजर वापरत असतील (साइटवर जाहिराती लावायची ही गूगलची यंत्रणा, लहान साइटना फुकट मिळते) तर फक्त पुणे-मुंबईतून आलेल्या वाचकांनाच तुमचा बॅनर दाखवता येतो. तेवढीच इम्प्रेशन घ्या, सीपीएमवर घ्या आणि जेवढी प्रत्यक्ष दिली तेवढ्याचंच बिल घ्या. हजारी दर जास्त पडला तरी चालेल.

---

सांगलीची सूनबाई

ठरलं ते कळवते. पोर्टलने ॲड मॅनेजर असल्याचं सांगितलं. बातमीच्या मधली ३०० × २५० ची जागा, फक्त पुणे आणि मुंबईचे वाचक, हजारी ८० रुपये, ५० हजार इम्प्रेशन, म्हणजे ४,०००. कॅप आठवड्याला तीन, आणि ते लेखी दिलंय. एजन्सीला नाही म्हटलं नाही, फक्त रीमार्केटिंगचं ३,००० रुपयांचं काम दिलं, तेही क्लिकमागे पैसे या बोलीवर. उरलेले हातचे ठेवले.

सासऱ्यांना सांगितलं की पुण्या-मुंबईतल्या सांगलीकरांसमोर पन्नास हजार वेळा आपलं पाकीट येणार आहे, एका वेळेला आठ पैसे. ते म्हणाले, हे आधीच असं सांगायचंस. चेक झाला. पेवांचा फोटो लँडिंग पेजवर चढलाय, आणि त्याखाली त्यांनी स्वतः चार ओळी लिहून दिल्या आहेत.

शेवटचा प्रश्न: कुठली ऑर्डर पोर्टलवरून आली आणि कुठली एजन्सीकडून, हे मला कसं कळणार?

---

विट्याचा

दोघांना तुमच्या पानाचा वेगवेगळा दुवा द्या. दुव्याच्या शेवटी यूटीएमची शेपटी जोडता येते, त्यात स्रोत, माध्यम आणि मोहिमेचं नाव लिहितात. तुमच्या साइटच्या भेटी मोजणाऱ्या ॲनालिटिक्समध्ये मग भेटी आणि ऑर्डरी त्या नावाखाली वेगळ्या दिसतात. शेपटीत नावं सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा, नाहीतर एकाच पोर्टलच्या दोन ओळी होतात. त्यांचे क्लिक आणि तुमच्या भेटी तंतोतंत जुळणार नाहीत, थोडी तूट नेहमीच असते. निम्म्याहून जास्त तूट दिसली तर मात्र लगेच विचारा.

कन्व्हर्जन मोजायचा कोड "ऑर्डर मिळाली, धन्यवाद" या पानावरच बसवायला सांगा. कार्टच्या पानावर बसवला तर पाकीट टोपलीत टाकून निघून गेलेले लोकही ऑर्डर म्हणून मोजले जातात. आणि कॅश ऑन डिलिव्हरीतल्या परत आलेल्या ऑर्डरी महिनाअखेरीला हाताने वजा करा, त्या कुठल्याच रिपोर्टमध्ये आपोआप वजा होत नाहीत.